नाव नाही, फोटो नाही

माझी अट एकच होती. काय करायचं ते करा, पण प्रदर्शन पार्ल्यात नको.

पार्ल्यात माझी आत्या राहते, बाबांची धाकटी बहीण. मी मस्कतला नोकरीला आहे असं माझ्या भावाने तिला आणि सगळ्या गावाला सांगून ठेवलं होतं. मी मुंबईत आले, साडी नेसते, घाटकोपरला एका केटररकडे कामाला जाते, हे त्याला एकट्याला माहीत. बाबा गेले तेव्हा त्याचा फोन आला तो सगळं उरकल्यावर. "येऊ नको, लोकांना काय सांगू?" म्हणाला. त्या फोनचा राग माझ्या डोक्यातून अजून उतरलेला नाही आणि मला तो उतरवायचाही नाही.

या संशोधनवाल्या बाईंचा विषय होता मुंबईत नव्याने आलेल्या ट्रान्स माणसांचं लैंगिक आणि मानसिक आरोग्य, कलेच्या माध्यमातून. पवईहून गाडीने यायच्या. "आम्ही तुमच्याकडून शिकायला आलोय," हे पहिल्याच दिवशी सांगून झालं. म्हटलं, शिका, पण आधी पंखा लावा.

झोप लागते का, कंडोम कोण आणतं, मरावंसं वाटतं का, असे प्रश्न सरळ विचारले असते तर मी सरळ उत्तर दिलं असतं. पण सरळ विचारायचं नाही, हीच त्यांची पद्धत. आधी मुखवटा करायचा. तोंडाला व्हॅसलीन चोपडायचं, वर ओल्या प्लास्टरच्या पट्ट्या आणि श्वासाला नाकात स्ट्रॉ. ते सुकेपर्यंत हलायचं नाही, बोलायचं नाही. तोंड असं बांधून ठेवल्यावर मग मुखवटा हातात घेऊन 'त्याच्या वतीने' मनातलं बोला. ते त्या रेकॉर्ड करणार आणि प्रदर्शनात ज्याच्या त्याच्या मुखवट्याखाली हेडफोनवर ऐकवणार. हसावं की एक ठेवून द्यावी, कळत नव्हतं.

बाकीच्या मुली मात्र रमल्या. कुणी मोरपिसं चिकटवली, कुणी सोनेरी रंग फासला. मी ब्रशला हातही लावला नाही. "काही व्यक्त करायचं नाही का?" बाईंनी विचारलं. "नाही," म्हटलं. माझा पांढराच राहिला. माझ्या या खुनशीपणाचं त्यांना भारी कौतुक वाटलं.

बोलले मात्र खरं. सरकारी दवाखान्यात तपासणीला गेले तेव्हा डॉक्टरने नाडी बघायच्या आधी "आधी काय होतास?" विचारलं, ते बोलले. ज्याच्यावर जीव लावला तो काळोखात जवळ यायचा आणि कंडोमचं नाव काढलं की रुसायचा, तेही. झोपेच्या गोळ्या साठवून ठेवल्या होत्या आणि बाबा गेल्यावर त्या हातात घेऊन बसले होते, हेसुद्धा. एवढं सगळं बोलल्यावर मला हलकं वगैरे काही वाटलं नाही. डोकं दुखलं.

आणि मग अंधेरीचा हॉल मिळाला नाही म्हणून पार्ल्याचा घेतला.

मी भांडले. बाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "अगं, नाव नाही, फोटो नाही. नियम आहे आमचा. कोण ओळखणार तुला?" नाव लपवायची यांना इतकी सवय की तोंडाचा साचा तोंडासारखाच निघतो, हे एकीच्याही डोक्यात आलं नव्हतं. खरं तर माझ्याही नाही. मला भीती होती ती आवाजाची.

पहिल्याच संध्याकाळी आत्या आली. त्या हॉलबाहेरच्या कट्ट्यावर ती रोज बसते, आत काय चाललंय ते बघायला शिरली. मी चहाच्या टेबलामागे होते, तिथून हललेच नाही. मोरपिसांवरून तिची नजर घसरत गेली आणि माझ्या पांढऱ्या मुखवट्यापाशी थांबली. आमच्या घरात ते नाक एकाच माणसाचं होतं, मधे मोडल्यासारखं, आणि ते मला मिळालंय. तिने हात लांब करून त्या नाकावरून बोट फिरवलं. खालचा हेडफोन कानाला लावला आणि उभ्या उभ्या बराच वेळ ऐकलं.

मग वळून तिने हॉलभर बघितलं आणि मी तिला दिसले. तिने मला जुन्या नावाने हाक मारली.

"मस्कतात होतंस मा रे?"

"नाही," म्हटलं. "इथेच होते."

तिचे डोळे भरले होते. मला वाटलं, आता जवळ घेईल. खरंच वाटलं, आणि त्याचीच मला अजून चीड येते. तिने हेडफोन हुकाला परत अडकवला, पुसून.

"ह्यां दादाचां तोंड," ती म्हणाली. "शेवटाक माका नीट बघूक गावलां नाय. माका दी ह्यां. आवाज नको. आवाज हयंच रवांदे, तोंड तेवढां दी."

बाई कधी मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या कोण जाणे. त्यांचेही डोळे ओले. "किती सुंदर," त्या हळूच म्हणाल्या. "कुटुंबाने स्वीकारलं. हे आपण अहवालात घेऊया का गं?"

मी टेबलामागून बाहेर आले आणि मुखवटा खिळ्यावरून काढला. प्रदर्शन अजून चालू आहे, बाई म्हणाल्या. असू दे, म्हटलं. चहाच्या टेबलाखालून माझी पिशवी घेतली, त्यात तो ओढणीत गुंडाळून ठेवला आणि आत्याच्या समोरून बाहेर पडले.

आता तो माझ्या खोलीत आहे, भिंतीवर. बाबांचं तोंड शेवटचं बघायला मला कुणी बोलावलं नव्हतं. आत्याला बघायचं असेल तर घाटकोपरला यावं लागेल, आणि मी बोलत असताना बघावं लागेल.