काढून ठेवलेली मागची सीट

तिचं पहिलं दर्शन मला एका धरणाच्या प्रकल्पावर, जुन्या गाड्यांच्या लिलावात झालं. कोणीतरी परदेशी इंजिनिअर मायदेशी परतताना तिला मागे सोडून गेला होता. दिसायला साधी, ठेंगणी, मागचं दार छताकडे वर उघडणारी मोटार. गंमत पोटात होती. गिअरच्या शेजारी एक छोटा दांडा होता, तो ओढला की चारही चाकं जोर लावायची. बाकीचे लोक जीप आणि ट्रॅक्टरवर बोली लावत होते. हिच्याकडे कोणी पाहीना, म्हणून ती मला मिळाली. नव्वदच्या दशकाची सुरुवात होती, धुळ्याच्या देवपुरात माझं विहिरीच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान होतं, आणि अंगात सातपुडा पालथा घालायची खुमखुमी होती.

गाडी सजवायचं काम धुळ्यातल्या माझ्या आवडत्या मिस्त्रीकडे दिलं. त्याला सगळे उस्ताद म्हणत. आम्ही दोघांनी त्या बिचारीचा अवतारच बदलून टाकला. स्प्रिंगांखाली लोखंडी ठोकळे घालून तिला उंच केली. जीपचे टायर आणले, ते बसेनात म्हणून मडगार्ड कापले. पोटाखाली जाड पत्रा ठोकला. टपावर पाइपांचा कॅरिअर. नदीत गेली तर इंजिनात पाणी शिरू नये म्हणून हवा घ्यायची नळी वर काढली, तीही शेतातल्या पाइपलाइनच्या तुकड्याची. उस्ताद म्हणाला, "भाऊ, अब ये गाडी कम, बोरवेल ज्यादा दिखती है."

मग माझ्या डोक्यात आलं, आत झोपायची सोय हवी. मागची सीट काढायची, तिथं फळी टाकायची, फळीखाली पाण्याचा ड्रम आणि स्टोव्ह. उस्तादानं पाना हातात घेतला आणि थांबला.

"पीछे कौन बैठेगा, भाऊ?"

"कोणी नाही," मी म्हणालो. "मागे बसायला आहे कोण?"

त्यानं सीट काढली आणि गिऱ्हाइकांना बसायला गॅरेजच्या भिंतीशी लावली.

हे मी बोललो तेव्हा आखाजी पंधरा दिवसांवर आली होती. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, आमच्याकडे लेकींचा सण. सासरची लेक माहेरी येते, निंबाला झोका बांधतात, घरात सांजोऱ्या होतात. पण लेक एकटी येत नाही. भाऊ तिला आणायला जातो, त्याला मुराळी म्हणतात. मुराळी यायच्या आधी ती निघाली, तर माहेरच्यांनी तिला टाकली असा अर्थ होतो. माझी मोठी बहीण, अक्का, सावद्याला एका केळीवाल्या घरात दिली होती. तिला दोन मुली. मी तिला पोस्टकार्ड टाकलं होतं, आखाजीच्या दोन दिवस आधी येतो, मोटार घेऊन येतो. ते कार्ड तिनं सगळ्या गल्लीत वाचून दाखवलं होतं.

आणि मीच मागची सीट काढून ठेवली होती. तिला आणि मुलींना मला आणायचं आहे, हे मला ठाऊक होतं. सीट काढायची आहे, हेही ठाऊक होतं. या दोन गोष्टी डोक्यात शेजारी शेजारी राहत होत्या, पण त्यांची कधी भेट झाली नाही.

धुळ्याहून सावदा सरळ रस्त्यानं अर्ध्या दिवसाचा. पण मुराळ्यानं सरळ रस्त्यानं जायचं, मग गाडीला चार चाकांचा जोर कशासाठी? मी चोपड्यावरून सातपुड्याच्या कडेकडेनं, यावलच्या जंगलातून, पाल गावावरून सावद्याला उतरायचं ठरवलं. डोंगरातून एकदम धुरळा उडवत अक्काच्या दारात. एक मुक्काम धरला होता. झाले तीन. पहिल्या रात्री फळीवर इतकी झोप लागली की दुसरा मुक्काम आपोआप झाला. तिसऱ्या दिवशी पालजवळ एक नदी सापडली. पाणी घोटाभर, वाळू भरपूर. मी गाडी पात्रात घातली, बाहेर काढली, परत घातली. दुपारी टपावर चढून बसलो आणि वाळूतल्या वाडीतून आणलेलं टरबूज खाल्लं. आपण कोणाला तरी कालच यायचं कबूल केलं होतं, हे मला टरबुजाच्या दुसऱ्या फोडीला आठवलं. मी तिसरी फोड खाल्ली. खरं लिहायचं तर सगळं टरबूज खाल्लं, आणि तिथंच राहिलो.

सावद्याला पोचलो तो आखाजीचा दिवस कलताना. अक्काच्या दाराशी पत्र्याची ट्रंक होती, वर पिशवी होती. दोन्ही मुली नवे फ्रॉक घालून ओट्यावर बसल्या होत्या. फ्रॉक चुरगळलेले होते. तीन दिवस रोज सकाळी घालायचे आणि संध्याकाळी काढून ठेवायचे, असं चाललं होतं म्हणे.

मी गाडीतून उतरता उतरता म्हणालो, "इंजिनाचा पट्टा तुटला गं. जंगलात अडकलो."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता बोलेल. ती म्हणाली, "तोंड कितलं उतरी गयं तुनं. काही खाधं का? चाल, आधी जेवी ले."

तिनं वाढलं. मी जेवलो. दोनदा मागून घेतलं, कारण दोन दिवसांचा उपाशी माणूस दिसायचं होतं.

तिचे सासरे आबा समोर येऊन बसले. त्यांच्याबरोबर शेजारचे नाना होते. नानांचा मालट्रक होता, ते सकाळीच डोंगरापलीकडून आले होते. त्यांनी दारातून माझी गाडी न्याहाळली. "ही तर मी काल पाहिली. पालजवळ, नदीत उभी व्हती. टपावर एक जण टरबूज खात व्हता."

आबांनी हळूच माझ्याकडे मान वळवली. मी आमटीत बोट बुडवून बसलो.

अक्का चुलीपाशी होती. ती न वळता म्हणाली, "तेच ना नाना. नदीतच बंद पडली व्हती. भुकेला माणूस काय करेल, टरबूजच खाईल."

अक्कानं पुढं होऊन माझ्या ताटात भात वाढला. माझ्याकडे पाहिलं नाही. मला आयुष्यात पुष्कळ शिव्या पडल्या आहेत, बऱ्याच मी मिरवल्या आहेत. तो भात मात्र कधी कोणाला सांगितला नव्हता.

जेवण झाल्यावर मी उसनं अवसान आणून म्हणालो, "अजून काय बिघडलंय? उद्या पहाटे निघू." आणि सवयीप्रमाणे, जादूगार रुमाल उडवतो तसं, गाडीचं मागचं दार वर उचललं. फळी, ड्रम, स्टोव्ह. मुलींनी टाळ्या वाजवल्या.

अक्का म्हणाली, "बसतील कुठं रे?"

आबा उठून आले, फळीवर टिचकी मारली. "केळीचे घड असे पाठवतो आम्ही, पाचट घालून. सून नाही पाठवत."

"राहू दे," अक्का मला म्हणाली. "आखाजी तर झाली." मग तिनं ट्रंक उचलली आणि आत नेली. मी पुढं झालो, पण तिनं एकटीनं नेली.

धुळ्याला एकटाच परतलो. आईनं रिकामी गाडी पाहिली, निंबाचा झोका सोडला आणि दोर गुंडाळून ठेवला. मी थेट उस्तादाकडे गेलो. सीटवर दोन गिऱ्हाइकं चहा पीत बसली होती. त्यांना उठवलं. उस्ताद एवढंच म्हणाला, "मैंने पूछा था, भाऊ."

पुढच्या आखाजीला मी तयार होतो. फळी गेली, ड्रम गेला. सीटला नवं कव्हर शिवलं. चार दिवस आधी, भल्या सकाळी गाडी धुऊन दारात उभी केली. सरळ रस्ता, अमळनेर, जळगाव, भुसावळ, सावदा. मी किल्ली लावली आणि समोर रिक्षा थांबली. तीतून दोन मुली उतरल्या, ट्रंक उतरली, मग अक्का.

ती मुराळ्याशिवाय आली होती, रात्रीच्या एसटीनं. आई दारातच थिजली.

"मी निघतच होतो," मी म्हणालो.

"माहीत शे," अक्का म्हणाली. "पण मला आता दारात बसवत नाही."

तिनं गाडीचं दार उघडून मागची सीट दाबून पाहिली. मुली आत चढल्या आणि उड्या मारू लागल्या. अक्कानं त्यांना खाली उतरवलं, दार नीट लावलं.

"चांगली शे," ती म्हणाली. "आम्हाला सोडायला ये हीच घेऊन."

सोडायला गेलो. ती मुलींबरोबर मागे बसली, पुढची माझ्या शेजारची सीट रिकामी असताना. सावद्यापर्यंत आरशात मला ती खिडकीबाहेर पाहताना दिसत होती. आणायला जायचा मान मात्र मला परत मिळाला नाही. पुढची सगळी वर्षं ती एसटीनंच आली, नेहमी मी निघायच्या एक दिवस आधी, आणि मी रिकामी मागची सीट घेऊन बसस्टँडवर तिच्याही आधी पोचायला शिकलो.