सौम्य म्हणून दिलेली तंबाखू

पाइपच्या तंबाखूच्या त्या दुकानात लोक तंबाखू घ्यायला कमी आणि वहिनींचं नाक बघायला जास्त येतात, असं दीर थट्टेने म्हणत. नाक तसं साधंच, जरा बसकं. पण बरणीचं झाकण नुसतं किलकिलं केलं की आतलं पान कुठलं, ते किती मुरलंय, त्यावर कसला पाक चढवलाय, हे त्या डोळे मिटून सांगत. नवरा गेल्यावर दुकान त्यांनीच उभं ठेवलं होतं. गिऱ्हाइकं त्यांना नाकवाल्या मावशी म्हणत आणि मावशींनाही ते आवडे. बरण्यांवर नावाच्या चिठ्ठ्या लावू या म्हणून दीर मागे लागत, तेव्हा मावशींचं उत्तर ठरलेलं असे, "नाक शाबूत असताना चिठ्ठ्या कशाला, भाऊजी?"

त्या हिवाळ्यात त्यांना जबर सर्दी झाली. सर्दी गेली, पण जाताना वास घेऊन गेली. एका सकाळी मावशींनी व्हॅनिलाची बरणी उघडली तर आत जणू नुसती हवा. शेजारची उघडली, तिच्यातही हवा. साबण हुंगला, फिनेल हुंगलं, चहाच्या कपात नाक घातलं. काहीच नाही. मावशी काउंटरमागच्या स्टुलावर मटकन बसल्या.

दिरांना सांगायची सोय नव्हती. दुकान दोघांच्या नावावर होतं आणि दिरांना त्या जागेत मोबाइल दुरुस्तीचं दुकान टाकायचं होतं. "वहिनी, तुमच्या नाकावर चाललंय तोवर चालू दे," असं ते म्हणत. म्हणजे नाक गेलं की दुकान गेलं. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मावशींनी ठरवलं. बरण्यांच्या जागा पाठ होत्याच. गिऱ्हाइकासमोर झाकण उघडायचं, सवयीने मान तिरकी करायची आणि आठवणीतला वास बोलून दाखवायचा. हिवाळा सरत आला तरी कुणाला पत्ता लागला नाही. मावशींची झोप मात्र उडाली होती.

मग दिरांनी एका सुट्टीच्या दिवशी फळ्यांना रंग दिला आणि बरण्या पुसून परत मांडल्या. "होत्या तशाच लावल्यात," ते म्हणाले. मावशींनी त्यावर विश्वास ठेवला. दुसरा इलाजच नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडताच एक दणकट तरुण आत आला. हातात पिवळं हेल्मेट, बुटांना सिमेंट.

"मावशी, मला पाइप ओढायला शिकायचंय. पण माझ्यासारख्या नवशिक्याला झेपेल असं द्या काहीतरी."

"असं अचानक?"

तो लाजला. "लग्न ठरतंय. मुलीचे वडील पाइप ओढतात म्हणे. त्यांनी पुढे केला आणि मला ठसका लागला तर जन्मभर ऐकून घ्यावं लागेल."

मावशींना हसू आलं. त्यांनी त्याला बसायला सांगितलं. "हे बघा, मुळात दोन जाती. एक सुगंधी. पानावर व्हॅनिला, चेरी, मध असलं काहीतरी चढवलेलं असतं. घरभर छान वास सुटतो, बायकामाणसं तक्रार करत नाहीत. पण पाकामुळे ती ओलसर असते. भराभर ओढली की वाफ होते आणि जीभ पोळते. दुसरी बिनसुगंधी, नुसतं पान. तिच्यात काही सौम्य असतात, आणि काही अशा की कसलेल्या माणसालाही घाम फोडतील."

"मग मला?"

"सुगंधी, काळी, मऊ. हिच्याइतकी गरीब दुसरी नाही." मावशींनी डावीकडची बरणी काढली, झाकण उघडलं आणि मान तिरकी केली. "व्हॅनिला. मागे जरा गूळ जळल्यासारखा."

तरुणाने वाकून वास घेतला आणि नाक मुरडलं. "मला तर जळक्या लाकडाचा येतोय, मावशी. आणि चामड्याचा."

मावशींना क्षणभर वाटलं, शेजारची बरणी उघडून त्यालाच विचारावं. पण मागे दीर रंगाचे डबे आवरत होते. त्यांचे कान इकडेच असणार.

"नवख्या नाकाला तसंच वाटतं," मावशी म्हणाल्या. "पेटली की कळेल."

नाकवाल्या मावशींशी वाद कोण घालणार? त्याने पुडी आणि एक स्वस्तातला पाइप खिशात टाकला. "आज जेवणाच्या सुट्टीतच करून बघतो. मग दुपारभर वरच बसायचंय."

"वर कुठे?"

"क्रेनवर. मंडईमागे उंच इमारत होतेय ना, तिथली क्रेन मी चालवतो." आणि तो हेल्मेट डोक्यावर चढवत गेला.

मावशींच्या मनाला काहीतरी टोचत राहिलं. चार लोक आले, गेले. दुपारी मास्तर आले. शाळेतून निवृत्त होऊन त्यांना जमाना झाला होता, आणि दुकानातली सगळ्यांत जहाल, धुरावर वाळवलेली काळी तंबाखू ओढणारे तेवढे एकच उरले होते. मावशींनी उजवीकडच्या बरणीतून त्यांची पुडी बांधली. मास्तरांनी तिथेच उघडून पाइप भरायला घेतला आणि थबकले.

"बाई, आज माझा वाढदिवस आहे का?"

"का हो?"

"नाही, हा केक दिलात म्हणून विचारलं. व्हॅनिला आहे ही!"

उजवीकडे व्हॅनिला, तर डावीकडे काय? दोन्ही बरण्या त्यांनी काउंटरवर आपटल्या, दोन्हींत बोटं घातली. उजवीकडची चिकट, बोटांना पाक लागला. डावीकडची कोरडी, खरखरीत. दोन्ही सारख्याच काळ्या. पहिल्यांदाच पाइप ओढणाऱ्या माणसाला त्यांनी घाम फोडणारी तंबाखू दिली होती, आणि तो ती ओढून आकाशात चढणार होता.

"भाऊजी, दुकान बघा!" एवढंच ओरडून मावशी चपला घालून निघाल्यासुद्धा.

मंडई गर्दीने भरलेली होती. हातगाड्यांमधून, टोपल्यांमधून वाट काढताना त्यांचं लक्ष सारखं वर जात होतं. इमारतीच्या माथ्यावर क्रेनचा लांब हात संथ फिरत होता. त्याच्या टोकाला सळयांचा भारा लोंबत होता. म्हणजे तो वर चढला होता. त्याने ओढली नसेल, मावशी स्वतःला सांगत होत्या. वास आवडला नव्हता त्याला, फेकून दिली असेल.

फाटकावर पहारेकऱ्याने हात आडवा घातला. "ओ बाई, कुठे निघालात? हेल्मेटशिवाय आत सोडत नाहीत."

"तो क्रेनवाला, त्याला खाली बोलवा! त्याने जेवताना पाइप ओढला का?"

"ओढला की. ह्या मागच्या बाकावरच. सगळ्यांनी चेष्टा केली त्याची." पहारेकरी हसला आणि मग मावशींचा चेहरा बघून गंभीर झाला. "का? काय झालं?"

"त्याला चक्कर येईल. चुकीची तंबाखू दिलीय मी!"

तेवढ्यात क्रेनचा हात थांबला. भारा हवेत, बरोबर त्या जागी जिथे खाली माणसं काम करत होती. फाटकाजवळ उभं राहून क्रेनला दिशा सांगणाऱ्या इशारेवाल्याच्या वॉकीटॉकीतून घोगरा आवाज आला, "गरगरतंय रे. मला नीट दिसत नाहीये."

इशारेवाल्याने शिट्टी फुंकली. माणसं पळाली, कुणाची घमेली तिथेच पडली. भारा वाऱ्याने हळूहळू गोल फिरत होता. "कशाला हात लावू नकोस," इशारेवाला शांतपणे म्हणाला. "डोळे मिट. श्वास घे. घाई नाही कसली." वरून उत्तर नाही. मावशींनी फाटकाची जाळी घट्ट धरली. जीव टांगणीला लागणं म्हणजे काय, ते त्या डोळ्यांनी बघत होत्या.

"आहेस का?" इशारेवाल्याने विचारलं.

"आहे." मग ओकारीचा आवाज. थोड्या वेळाने, "आता थोडं बरं वाटतंय."

"मग मी सांगतो तेवढंच कर. डावीकडे घे. आणखी. बस. आता सोड खाली. हळू. हळू रे राजा."

भारा मोकळ्या जागेवर टेकला तेव्हा कुणी टाळ्याबिळ्या वाजवल्या नाहीत. सगळे नुसते उभे होते. दुसरा चालक शिडी चढून वर गेला आणि त्याला कमरेला पट्टा बांधून सावकाश खाली घेऊन आला. चेहरा चुन्यासारखा पांढरा. पहारेकऱ्याने मावशींच्या डोक्यावर स्वतःचंच हेल्मेट ठेवलं आणि त्यांना आत सोडलं.

"मावशी," तो तरुण बाकावर आडवा होत म्हणाला, "ही गरीब, तर श्रीमंत कशी असेल हो?"

मावशींना हसता आलं नाही. "तुमचं नाक बरोबर होतं. माझंच चुकलं. मला वास येत नाही. सर्दी झाली तेव्हापासून काहीच येत नाही. मी खोटं बोलले."

हे बोलून त्या वळल्या, तर मागे दीर उभे. दुकान मास्तरांवर सोपवून ते धापा टाकत मागोमाग आले होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. मावशींनी मान खाली घातली. आता मोबाइलचं दुकान, त्यांच्या मनात आलं.

मंडई ओलांडल्यावर दीर म्हणाले, "परवा दूध करपून घरभर धूर झाला आणि तुम्ही शेगडीशेजारीच उभ्या होतात. तेव्हाच शंका आली होती मला."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही का नाही बोललात?" त्यांचा आवाज चढला. "एखादा माणूस मेला असता, वहिनी! दुकानासाठी?"

मावशी रस्त्यातच रडल्या. दीर अवघडून शेजारी उभे राहिले आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना उगाच "काही नाही, काही नाही" म्हणत राहिले.

दुकान बंद झालं नाही. बरण्यांवर चिठ्ठ्या लागल्या, ठळक अक्षरांत, दिरांच्या हाताने. इमारतीवर मात्र क्रेनवाल्याची चौकशी झाली, आणि मावशींनी साहेबांपुढे जाऊन सगळा दोष आपल्या अंगावर घेतला तेव्हा कुठे त्याला पुन्हा वर चढू दिलं. ताकीद मिळालीच. तो दुकानात आला तेव्हा मावशींनी त्याच्यासमोर एकेक बरणी ठेवली. आता हुंगायचं त्याने आणि चाचपायचं मावशींनी. सुगंधी त्याला नकोशी झाली. भाजलेल्या शेंगदाण्यांसारखा वास येणारी, सौम्य बिनसुगंधी त्याने निवडली. "जेवल्यावर, घरात बसून, चहा फुंकून पितात तसे बारीक झुरके," मावशींनी बजावलं. "आणि कामाच्या दिवशी मुळीच नाही." होणाऱ्या सासऱ्यांनी मात्र डॉक्टरांच्या धाकाने पाइप कधीच सोडला होता. दोघांनी चहा घेतला, लग्न ठरलं.

डॉक्टरांनी मावशींना सांगितलं, वास परत येईल किंवा येणारही नाही, पण रोज हुंगत राहा. म्हणून रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी दीर त्यांच्यासमोर चार बाटल्या धरतात. लवंग, लिंबू, गुलाब, निलगिरी. मावशी डोळे मिटतात. बहुतेक दिवशी मान हलवून "नाही" म्हणतात. गेल्या आठवड्यात एका बाटलीपाशी त्या जरा जास्त वेळ थांबल्या.

"काय आलं?" दिरांनी विचारलं.

"माहीत नाही," मावशी म्हणाल्या. "थांबा, झाकण लावू नका अजून."