लिस्बनच्या उतारावर फिरवलेली पाठ

भाव करताना पाठ फिरवायची, ही माझी जुनी युक्ती. दोह्यात साधा स्टोअरकीपर म्हणून आलो तेव्हापासून तिच्यावरच जगलो. आकडा सांगायचा, समोरच्याने मान हलवली की “खलास” म्हणून वळायचं आणि चालू लागायचं. दहा पावलांच्या आत हाक येते. दोह्याबाहेरच्या उम्म सलालमधलं माझं हार्डवेअरचं दुकान या दहा पावलांवर उभं आहे, असं मी पाहुण्यांना सांगतो. बायको मुकाट्याने माझ्या मागून येते. ती जागची हलली नाही तर दुकानदाराला ते खरं वाटत नाही.

म्हणून लिस्बनच्या त्या रिक्षावाल्यावर माझा अजून राग आहे.

आम्ही दोघंच गेलो होतो, कसलीही घाई न करता. उशिरा उठायचं, नदीकाठी कॉफी प्यायची, वाटेत लागलं तर एखादं चर्च बघायचं, दुपारी झोपायचं. बायकोने एकच गोष्ट मागितली होती. सगळ्यात उंच टेकडीवर एक कठडा आहे, तिथे बसून दोघांनी मिळून सूर्यास्त बघायचा. पहिल्या दिवशी मी म्हणालो, उद्या. दुसऱ्या दिवशी म्हणालो, ढग आहेत. होते दोन-तीन. तिसऱ्या दिवशी मला तिच्या गुडघ्यांची काळजी वाटू लागली.

तिचे गुडघे ठणठणीत आहेत. घरी असताना रोज संध्याकाळी मी तिला लुसैलला नेतो, ती समुद्राकाठी तासभर झपाझप चालते आणि मी एसी लावून गाडीत बसतो. कतारमध्ये चढ म्हणजे फ्लायओव्हर, आणि तोही आपण गाडीतूनच चढतो. लिस्बनमध्ये नकाशावर चारशे मीटर दिसणारा रस्ता समोर भिंतीसारखा उभा असतो. मला धाप लागत होती. ते बायकोला सांगण्यापेक्षा ढगांवर ढकलणं सोपं होतं.

शेवटची संध्याकाळ उरली तेव्हा सबबी संपल्या. अर्धा चढ आम्ही चढलो, म्हणजे ती चढली आणि मी दर वळणावर खिडक्यांचे फोटो काढले. एका छोट्या चौकात तीनचाकी उभी होती, आपल्या रिक्षाचीच नटलेली बहीण. चालकाने वर न्यायचा दर सांगितला. मी निम्मा सांगितला. त्याने हसून गाडीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं. लिहून ठेवलेल्या दराची मला पहिल्यापासून चीड आहे. मी आवाज चढवला, तीन भाषांत बोललो, त्यातली एकही त्याची नव्हती. मग “खलास” म्हणून पाठ फिरवली.

दहा पावलं झाली. हाक आली नाही. वीस झाली. उतार असल्यामुळे पाय आपोआप पडत होते, आणि थांबलो असतो तर हरलो असतो. बेकरी गेली, नळ गेला, वाळत घातलेल्या चादरींखालून मी ऐटीत गेलो. मागे चपलांचा आवाज नाही हे ध्यानात आलं तेव्हा मी ट्रामच्या रुळांपर्यंत पोचलो होतो. वर पाहिलं तर गल्लीच्या टोकाला आभाळ तेवढं दिसत होतं.

फोन लावला. “येतेस ना?”

“नाही,” ती शांतपणे म्हणाली. “सव्वीस वर्षं तुम्ही पाठ फिरवलीत की मी मागून आले. आज तुम्ही वर या.”

“अगं, तो आता बोलावणारच होता.”

“अहो, तो कधीच दुसरी माणसं घेऊन गेला. सूर्य अजून आहे. या.”

मी निघालो. नळाशी थांबलो, बेकरीच्या पायरीवर बसलो. एक म्हातारी भाजीची पिशवी घेऊन माझ्या पुढून गेली आणि वर जाऊन तिने कीव करत मागे पाहिलं. चौकात पोचलो तेव्हा शर्ट पाठीला चिकटला होता. बायको बाकावर बसली होती. मी तिच्या शेजारी बसलो आणि श्वास जमेल तसा म्हणालो की मला चढवत नाही, पहिल्या दिवसापासून चढवत नाही.

“माहीत आहे,” ती म्हणाली. “इतके खिडक्यांचे फोटो कोण काढतं?”

पुढचा चढ आम्ही वीस-वीस पावलं करत चढलो. दर वीस पावलांनी ती आधी थांबायची, जणू तिलाच दम लागलाय. कठड्याशी पोचलो तेव्हा सूर्य गेला होता. नदीवर एक तांबडी रेघ उरली होती. तीही आमच्यासमोर विझली. ती रागावली असती तर मला भांडता तरी आलं असतं. तिने फक्त माझ्या पाठीला चिकटलेला शर्ट दोन बोटांनी सुटा केला, आणि अंधार पडेपर्यंत आम्ही तिथेच बसलो.

तो रिक्षावाला तिथे उभा होता. त्याने मला ओळखून हात केला. मी दुसरीकडे पाहिलं. त्याने एक हाक मारली असती तर त्याचं काय जाणार होतं?

गेल्या आठवड्यात दोह्याच्या बाजारात गालिच्यावरून घासाघीस झाली. “खलास” म्हणून वळलो. तीन पावलांवर थांबलो आणि मागे पाहिलं, बायको येते आहे ना. येत होती. पण दुकानदाराने माझं वळून बघणं पाहिलं, आणि भाव तसूभरही खाली आला नाही.