आईनं उघडलेलं बेचाळीस नंबरचं खातं

मी बनवलेल्या पहिल्याच वेबसाइटचं कुलूप माझ्या आईनं दोन मिनिटांत उघडलं.

गल्लोगल्ली इंटरनेट कॅफे निघाले होते, तेव्हाची गोष्ट. राजारामपुरीतल्या एका वधू-वर मंडळासाठी मी वेबसाइट केली होती. प्रत्येक स्थळाला वेगळं खातं, वेगळा पासवर्ड. उद्घाटनाला हॉल भरून पालक! आई हुपरीहून आलेली. (ती घरी पैंजणांच्या कड्या जोडते. 'माझी लेक कॉम्प्युटर इंजिनीअर हाय,' हे वाटेत अख्ख्या एसटीला कळलं होतं.)

"कुणाच्या बापाला दुसऱ्याचं खातं उघडता यायचं नाही!" मी माइकवर ठणकावलं. टाळ्या!

अध्यक्षांनी पहिला मान आईला दिला. माझ्या लग्नासाठी तिनं खातं काढलंच होतं. पासवर्ड टाकून ती आत शिरली. प्रोजेक्टरमुळं मागच्या भिंतीवर सगळ्यांना दिसत होतं.

"वर पत्त्यात एक्केचाळीस का लिवलंय गं?"

"तो आपल्या खात्याचा नंबर."

"मग बेचाळीस केलं तर?"

"काही होत नाही, आई!"

तिनं एका बोटानं बेचाळीस केलं. कळंब्याच्या एका चिरंजीवांचं खातं भिंतीवर सताड उघडलं! वय : एकतीस. खाली मंडळापुरती खासगी माहिती : 'खरं वय सदतीस. बोलू नये.'

"अवो, ह्येच्यासंगं माझ्या पोरीची बोलणी चालल्यात की!" तिसऱ्या रांगेतले काका उठले. चिरंजीवांचे वडीलही उठले!

(पासवर्ड मी फक्त दारात विचारत होते. आत शिरल्यावर कुणी कुठंही फिरावं!)

मी धावत जाऊन प्रोजेक्टरची वायर उपटली. ती माइकची निघाली.

"आनि एक नंबर कुनाचा?" आईनं तेही उघडलं. ते माझं, वेबसाइट चालवणाऱ्याचं! मधोमध लाल बटण : 'सर्व खाती काढून टाका.'

आईनं माउसवरचा हात उचलला आणि हॉलकडं वळली. तिला माइक लागतच नाही.

"गप बसा! लेकीनं समदं झ्याक केलंय. एक कडी उघडी ऱ्हायलीया. दोन दिवसांत जोडतीया ती. व्हय न्हवं गं?"

"व्हय," मी म्हणाले. (अकरा दिवस लागले.)

पुढं मंडळानं चूक शोधल्याबद्दल आईचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला. मला इतका अभिमान वाटला, की फोटो मीच काढला. आजही तो भिंतीवर आहे. शाल दिसते, नारळ दिसतो. आईच्या चेहऱ्याच्या जागी तेवढा माझा अंगठा आहे!