व्हय का, काकू?

आमच्या पत्रकारितेच्या वर्गात मोडनिंबची एक मुलगी होती. प्रश्न विचारला की उत्तर येईपर्यंत ती समोरच्याकडे शांत बघत राहायची. मला फार अवघडल्यासारखं व्हायचं.

संशोधनाच्या प्रकल्पासाठी आम्ही शुक्रवार पेठेत फिरत होतो. बायका कोणत्या बातम्या बघतात, हे विचारायचं होतं. एका घराच्या दारात उभे असलेले काका म्हणाले, "आमच्यात बायका बातम्या बघत न्हाईत."

मी तेच उत्तर लिहून घेतलं. ती मात्र आत उभ्या असलेल्या काकूंकडे वळली. "व्हय का, काकू?" म्हणाली आणि थांबली.

काकूंनी पदराला हात पुसले. "बघते की. भाकरी थापताना मोबाइल डब्याला टेकवून ठेवते."

शेजारच्या दारातून हाक आली, "पोरी, माझंबी लिहून घे."

संध्याकाळपर्यंत गल्लीतल्या सगळ्या बायका बोलत होत्या.