सगळे एकाच फेजवर

"मॅडम, आज यो पन गेला," असं म्हणत भोईरने जळका फ्यूज माझ्या टेबलावर ठेवला. भोईर आमचा लाइनमन. दिव्यातल्या एकाच बिल्डिंगचा तो त्या आठवड्यातला तिसरा फ्यूज होता. आधी आर फेजचा गेला, मग वायचा, आता बीचा.

मी वीज कंपनीत इंजिनियर. राहते डोंबिवलीला, पोस्टिंग दिव्याला. बिल्डिंगला वीज आर, वाय आणि बी अशा तीन तारांवरून येते, त्या प्रत्येक तारेला आम्ही फेज म्हणतो. घरं तिन्ही फेजवर सारखी वाटून दिली की कुठल्याच तारेवर जादा भार येत नाही. याला लोड बॅलन्सिंग म्हणतात. हे काम मला झोपेतही जमतं, असा माझा समज होता.

दुपारी स्वतः जाऊन मी टाँग टेस्टर लावला. हा चिमट्यासारखा मीटर तारेभोवती धरला की तिच्यातून किती करंट जातोय ते कळतं. तिन्ही फेज जवळपास सारखे होते. समाधानाने परत आले. संध्याकाळी मे महिन्याचे एसी सुरू झाले आणि ये रे माझ्या मागल्या! न्यूट्रल तपासला, जॉइंट तपासले, वीजचोरीचा संशय घेऊन वायरी हुडकल्या. काहीच हाती लागेना.

ठाण्याहून साहेबांचा फोन आला.

"एवढीशी बिल्डिंग आणि रोज कंप्लेंट? फेज बॅलन्स करता येत नाहीत का तुम्हाला?"

"साहेब, बॅलन्स आहेत."

"मग फ्यूज का जातोय?"

"तेच कळत नाहीये."

हे उत्तर देताना मला स्वतःचाच राग आला. शिवाय त्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर सावंतकाका होते. त्यांच्या फुप्फुसांत आता दम उरला नव्हता. हवेतला ऑक्सिजन वेगळा करून नळीने देणारं मशीन त्यांना दिवसरात्र लागायचं. लाइट गेली की छोटा सिलिंडर लावायचा, आणि तो जेमतेम तासभर पुरायचा. बाकीच्यांना घाम फुटत होता, काकांचा श्वास अडत होता.

बिल्डिंगच्या मीटर रूममध्ये प्रत्येक घराचा एक फेज चेंजर होता. म्हणजे फिरवायचा स्विच. आपल्या फेजवर लाइट डिम झाली की तो फिरवून दुसऱ्या फेजवर जायचं. इकडे बऱ्याच बिल्डिंगांत कुणीतरी वायरमन तो बसवून देतो आणि मग तो घराचा हक्कच होऊन बसतो. चेंजर मलाही दिसत होते. भोईर नवा फ्यूज टाकताना ते सगळे मी ठरवलेल्या जागी आणून ठेवायचा. पण माणसं चेंजर फिरवून फिरवून काय करतील? काही इकडे जातील, काही तिकडे जातील, बेरीज साधारण तीच राहील. सगळी बिल्डिंग एकाच बाजूला कशाला पळेल?

शेवटी एका संध्याकाळी भोईरला घेऊन मीटर रूममध्येच खुर्ची टाकून बसले.

सातच्या सुमाराला बल्ब जरासा मंदावला. काकांच्या पत्नी सावंतवहिनी खाली आल्या, माझ्याकडे बघून ओशाळं हसल्या आणि आपला चेंजर आरवरून बीवर फिरवून गेल्या. त्या जिना चढतात न चढतात तोच सोसायटीचे सेक्रेटरी शिर्के आले. त्यांनीही बी. मग दुसऱ्या मजल्यावरच्या बाई. बी. त्यांच्यामागून आणखी तिघं.

"शिर्के, तुम्ही वायवर होतात ना? वाय तर ठीक होता. का बदललात?"

"वहिनींनी बदलला ना! त्यांच्याकडे मशीन आहे मॅडम, त्यांना व्होल्टेज बरोबर कळतं. त्या जातील तिकडे चांगली लाइट."

मी तोंड उघडेपर्यंत फटकन आवाज झाला. बी गेला. वरून काकांच्या मशीनचा अलार्म जिन्यातून खालपर्यंत ऐकू येऊ लागला. एवढं कारण समोर उलगडलं होतं, पण तो आवाज ऐकताना मला भीतीच वाटली.

भोईरने फ्यूज टाकला, चेंजर जागेवर आणले, अलार्म थांबला. मी तिथूनच साहेबांना फोन लावला.

"सगळे चेंजर काढून टाका," साहेब म्हणाले. "नियम सगळ्यांना सारखा."

खाली जमलेल्यांना मी तसं सांगितलं आणि शिर्के भडकले. "बिल आम्ही भरतो आणि आमच्या घरचा स्विच तुम्ही काढणार? मी एकट्याने नाही फिरवला तर मी अंधारात बसायचं आणि बाकीचे मजा करणार?"

त्यांचं चुकत नव्हतं, हीच माझी अडचण होती. बाकीचे पळत असताना एकट्याने थांबणं मूर्खपणाच. पण सगळेच पळाले, तर पळून कुणालाच काही जास्त मिळत नाही. प्रत्येकाचं गणित बरोबर आणि बेरीज मात्र चूक. हे मी जमेल तसं सांगितलं. किती जणांना कळलं, देव जाणे.

तेवढ्यात वहिनी खाली आल्या. "मॅडम, माझा काढा. माझ्यामुळेच होतंय सगळं."

मग शिर्केच खेकसले, "काहीतरीच काय वहिनी! तुमचा राहू दे. मॅडम, आमचे काढा. आम्ही हललो नाही तर काकांची लाइट जाणार नाही, लिहून देता?"

"लिहून नाही देत. वरून ट्रान्सफॉर्मरच बंद झाला तर माझा इलाज नाही. बिल्डिंगचा फ्यूज मात्र जाऊ नये."

"चालेल. काढा," शिर्के म्हणाले. दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंनीही मान हलवली.

एक सोडून सगळे चेंजर निघाले. साहेबांनी विचारलं, "तो एक का ठेवला? टेक्निकल कारण काय?" मी म्हटलं, "साहेब, तो ठेवला म्हणून बाकीचे निघाले." त्यावर ते नुसतं हं म्हणाले.

पावसाळा संपल्यावर मी पुन्हा तिथे गेले. वहिनींच्या चेंजरवर कोळ्याने जाळं विणलं होतं.

"फिरवत नाही का?"

"लाइट उतरते कधीकधी. पण मी तिकडे गेले की तिकडच्यांची उतरणार ना! मशीन चालतंय तोवर कशाला? अगदीच वेळ आली तर आहे की."

सगळ्यांना सारखं वाटलं की बॅलन्स होतो, असं मी शिकले होते. इथे एकीला जास्त दिलं तेव्हा झाला, आणि तिने ते जास्तीचं वापरलंच नाही. आता हा बॅलन्स मी केला, शिर्क्यांनी केला की वहिनींनी, ते मला अजून नीट सांगता येत नाही. फ्यूज मात्र भोईरने त्या संध्याकाळी टाकलेला तोच आहे.