चार नंबरच्या प्रेससमोरचा फोटो

अन्याय माझ्या आईवर झाला. गेल्या खंडेनवमीला, सकाळी दहा ते साडेदहाच्या दरम्यान, चिखलीतल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये, चार नंबरच्या पॉवर प्रेससमोर. ही प्रेस अकरा वर्षं माझी आई चालवते. त्या सकाळी प्रेसची पूजा केली सुपरवायझरने, ज्याने तिच्या पेडलवर कधी पाय ठेवलेला नाही. मग फोटो काढला. फोटोत सुपरवायझर आहे, मशीन आहे, झेंडूची माळ आहे. खाली उजव्या कोपऱ्यात तिने घातलेल्या रांगोळीचा एक तुकडा आलाय. तेवढीच माझी आई.

एका फोटोने काय बिघडतं, असं मलाही वाटायचं. म्हणून सगळं सांगते.

आम्ही लातूरकडचे. आई त्या शेडमध्ये लागली पॅकिंगला. चार नंबरचा ऑपरेटर एक दिवस न सांगता सोडून गेला, ऑर्डर अडली, तेव्हा तिला म्हणाले, "मावशी, जरा उभ्या राहा." ते 'जरा' अकरा वर्षं चाललं. पत्रा सरकवायचा, दोन्ही हात बाहेर काढायचे, पेडल दाबायचं, ठक्. एका शिफ्टमध्ये हे किती वेळा होतं ते तिने कधी मोजलं नाही, पण मशीनचं दुखणं तिला आवाजावरून कळतं. भाकरी थापताना मध्येच म्हणते, "चार नंबर खोकायली आज." दुसऱ्या दिवशी डाय, म्हणजे आतला साचा, उघडली की बोल्ट ढिला निघतो.

कॉन्ट्रॅक्टरच्या वहीत मात्र ती हेल्पर. शेडमधली प्रत्येक बाई हेल्पर, मशीनवर उभी असो नाहीतर झाडू मारत असो. आणि मशीनवर उभा असलेला पुरुष पहिल्या दिवसापासून ऑपरेटर. 'मावशी' म्हटलं की पुढे पद लावायची गरजच उरत नाही.

खंडेनवमीची तयारी बायका करतात. आदल्या दिवशी डिझेलमध्ये चिंध्या बुडवून मशीनचा वर्षभराचा चिकटा काढतात, माळा ओवतात, रांगोळी घालतात. पूजेच्या वेळी मागे सरकतात. लहानपणी मी दर वर्षी पेढ्यांसाठी जायचे. पेढे खाल्ले, प्रश्न पडला नाही. हेही लिहून ठेवते, कारण पुढे मी बऱ्याच जणांवर चिडणार आहे आणि त्यात स्वतःला सूट देणार नाही.

आता मी कामगार चळवळीची पत्रकं लिहिते, छापते, चाकणच्या कंपन्यांच्या गेटांवर वाटते. म्हणून गेल्या वर्षी तोंड उघडलं. म्हटलं, "काका, चार नंबरची पूजा आईला करू द्या की."

सुपरवायझर मूळ चिखलीचे. माणूस वाईट नाही. हातातलं ताट सावरत म्हणाले, "आगं पोरी, बाईमाणूस बसत न्हाई मशीनच्या पूजेला. अडचण असती त्यांची."

"आज न्हाई मला अडचण," आई म्हणाली.

मागे बायका फिस्सकन हसल्या. काका कानापर्यंत लाल. "तसं नव्हं वहिनी. पद्धत हाय आपली."

अडचण म्हणजे पाळी. अकरा वर्षं पाळीच्या दिवसांतही तिने ते पेडल दाबलं. तेव्हा मशीन विटाळली नाही, माल परत आला नाही. विटाळ फक्त अर्ध्या तासाच्या पूजेला होतो, आणि तोही फोटोच्या वेळीच.

पूजा झाली, पेढे वाटले, आणि काका खुशीत येऊन मला आणि आईला त्यांच्या आजोबांची गोष्ट सांगत बसले. चिखलीत सगळी शेतं होती तेव्हा खंडेनवमीला नांगर, कुळव, विळे मांडायचे. आजोबा कंपनीत लागले आणि पहिल्याच वर्षी लेथला हळदकुंकू लावलं. घरी येऊन सांगितलं तर भावकी हसली. लोखंडाच्या डब्याला कसलं कुंकू, म्हणाली. आजोबा म्हणाले, ज्याच्यावर पोट चालतं ते औजार. "आन आता बघ," काका म्हणाले, "मशीनला हार घातल्याबिगर एक शेड उघडत न्हाई." ते अभिमानाने सांगत होते. मी पेढा खात ऐकत होते. त्यातला आमच्या उपयोगाचा भाग मला पंधरा दिवसांनी कळला.

पंधरा दिवसांनी यादी लागली.

शेड लहान पडत होती, म्हणून मालकांनी महाळुंग्याला मोठी जागा घेतली होती. यादीतले ऑपरेटर कंपनीच्या हजेरीपटावर कायम होऊन तिकडे जाणार. हेल्परांचं कॉन्ट्रॅक्टर बघेल. बघेल म्हणजे कधीही घरी बसवेल, हे या कारखान्यांच्या पट्ट्यात शेंबड्या पोरालाही कळतं. आणि 'प्रेस क्रमांक चार' याच्यापुढे सुपरवायझर काकांचं नाव.

आई शिफ्टमधून वर ऑफिसात गेली. मी सोबत. मालकांचा मुलगा आता कारभार बघतो. शिकलेला, मऊ बोलणारा. त्याने आईला खुर्ची दिली.

"मावशी, यादी मी मनाने नाही केली हो. वहीत तुम्ही हेल्पर आहात. तरी मी खात्री करून घेतली."

"कशी केली?" मी विचारलं.

त्याने भिंतीकडे बोट केलं. खंडेनवमीचे फोटो, वर्षवार, फ्रेम केलेले. "हे बघा ना. चार नंबर. दर वर्षी काकाच आहेत."

त्या ऑफिसला भिंतीसमोर एक मोठी काच आहे. काचेतून अख्खी शेड दिसते. तो काचेकडे पाठ करून आम्हाला फोटो दाखवत होता. खाली सगळ्या प्रेस चालू होत्या, फक्त चार नंबर बंद होती. का बंद होती? कारण ती चालवणारी बाई वर येऊन सांगत होती की ती मशीन मीच चालवते.

तो खोटं बोलत नव्हता. मला हेच जास्त लागलं. लबाडाशी भांडता येतं. याला खरोखरच दिसत नव्हतं.

मी घरी आले आणि तासाभरात पत्रक लिहून काढलं. मथळा ठळक: 'कामगार बंधूंनो, जागे व्हा!' वर चित्र. हे चित्र माझ्या फोनमध्ये कायम असतं, तीन वर्षं प्रत्येक पत्रकावर तेच टाकलंय. आईला दाखवलं. तिने पिठाचे हात पदराला पुसले, फोन लांब धरला, डोळे बारीक केले.

"ह्यो कोन हाय?"

"कामगार आहे."

"मिशी हाय की."

मी चित्र मोठं करून दाखवलं.

"दंड बघ कसले हायत. असला गडी आपल्या शेडात एक बी न्हाई," ती म्हणाली आणि पुन्हा पीठ मळायला लागली. थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता: "मंग मी कोन गं?"

तीन वर्षं. माझ्याच हाताने. हिच्याच पोटची पोरगी, हिनेच मळलेल्या पिठाच्या पोळ्या खाऊन गेटावर जाणार आणि वाटणार काय, तर पाना धरलेला मिशीवाला गडी. त्या ऑफिसच्या भिंतीवरचं चित्र आणि माझ्या पत्रकावरचं चित्र एकच होतं. त्याने फ्रेम केलं, मी छापून वाटलं.

आम्ही चळवळीतली पोरं कायम सांगतो की आधी कायदा बदला, कंत्राट बदला, मग माणसं बदलतील. मीही सांगत आले. पण वहीत 'हेल्पर' लिहिणाऱ्या कारकुनाला कुणी तसा हुकूम दिला नव्हता. मालकानेही कट केला नव्हता. कामगार म्हटल्यावर सगळ्यांच्या डोळ्यांपुढे एकच आकृती उभी राहते. पुलाच्या खांबांवर बघा, उद्योगनगरी म्हणून रंगवलेली चित्रं. हेल्मेट घातलेला पुरुष आणि दातेरी चाक. बाई असलीच तर ओवाळायला. त्या आकृतीत जी बसत नाही ती वहीत बसत नाही, आणि वहीतून यादीत येत नाही. उद्या या पट्ट्याचा इतिहास कुणी लिहायला घेतला तर तोही पुरावा म्हणून याच भिंतीवरचे फोटो उतरवून नेणार. मग माझी आई इथे नव्हतीच, हे छापील सत्य होईल.

दुसऱ्या दिवशी शेडबाहेरच्या चहाच्या टपरीवर काका भेटले. तेच हैराण झाले होते. "आरं मला कशाला चार नंबरवर टाकलं? त्यो पेडल कुठल्या अंगाला हाय त्येबी मला धड ठावं न्हाई."

"उजव्या अंगाला हाय, दादा," आई म्हणाली. "ध्यानात ठेवा. आन हात बाहेर काढूनच पाय ठेवा, बोटं माघारी येत न्हाईत."

टपरीवाला हसला. काका नाही हसले. आईने चहाचा ग्लास खाली ठेवला. "तुमच्या आज्यानं नांगराच्या जागी लेथ मांडली, तवा पद्धत मोडली न्हवती का? तवा त्येनी कुनाला इचारलं होतं?"

काकांनी चहाचे पैसे काढून टपरीवर ठेवले. मग म्हणाले, "व्हय. हासले व्हते लोक." आणि टोपी नीट करून ऑफिसचा जिना चढले. वर जाऊन त्यांनी सांगितलं की चार नंबर मी चालवत नाही, वहिनी चालवतात. हे त्यांनी अकरा वर्षं आधी सांगायला हवं होतं. पण सांगितलं, तेवढं मान्य करते.

मालकांच्या मुलाने ऐकून घेतलं. म्हणाला, "मग मावशींनाही नेऊ ना. काम तर त्याच करतात. पण यादीवर आता बाबांची सही झालीय."

म्हणून आज माझी आई रोज कॉन्ट्रॅक्टरच्या गाडीने महाळुंग्याला जाते. चार नंबरही तिकडेच नेलीय. ती तीच चालवते. गळ्यातल्या कार्डावर हेल्पर लिहिलंय. काका शेडभर फिरतात, कागदावर ते प्रेस ऑपरेटर आहेत. कॉन्ट्रॅक्टरने उद्या 'मावशी, उद्यापासून येऊ नका' म्हटलं तर अकरा वर्षांचा एकही पुरावा तिच्या हातात नाही.

यंदाची खंडेनवमी तोंडावर आलीय. काका म्हणालेत, "यंदा वहिनी बसतील, मी नुसता नारळ धरतो." मालकांच्या मुलाचं म्हणणं, नव्या जागेतली पहिलीच पूजा आहे, उगाच प्रयोग नकोत. आई माळेसाठी झेंडू सांगून आलीय. यंदा रांगोळी दुसऱ्या कुणीतरी घालावी, असंही तिने बाकीच्या बायकांना बजावलंय. माझ्या पत्रकावरून मिशीवाला गडी मी काढून टाकला. ती जागा अजून कोरी आहे.

आता तुमच्याकडे वळते. हे वाचणारे तुम्ही रावेतच्या सोसायटीत राहणारे इंजिनिअर असाल, शेडचे मालक असाल, नाहीतर त्याच शेडमध्ये ताट धरून मागे उभे राहणारे. खंडेनवमीला तुमच्या इथे मशीनला माळ चढेल आणि कुणीतरी फोन काढून सगळ्यांना ओळीत उभं करेल. तेव्हा पुढे व्हा आणि मोठ्याने विचारा, ही मशीन रोज कोण चालवतं? उत्तर सगळ्यांना माहीत असतं. ती मागून पुढे येईपर्यंत, कुंकवात तिचं बोट बुडेपर्यंत, नारळ फोडू देऊ नका.